वरचा फोटो

आमचे दामूतात्या पिशवीत कात्री घेऊन फिरतात. कळंबोलीच्या नाक्यावर नवा फ्लेक्स लागला, की ते स्टूल घेऊन हजर होतात आणि खालच्या रांगेतल्या पोरांचे चेहरे गोल कापून काढतात. वरच्या साहेबांना हात लावत नाहीत. मग साहेब दिवसभर भोकांच्या रांगेवर हात जोडून हसत उभे असतात.

कापलेला चेहरा तात्या त्या पोराच्या घरी पोचवतात. "तुजा पोऱ्या नाक्यावर उभा व्हता, घरी आनलाय," म्हणून आईच्या हातात देतात आणि चहाला थांबतात. काही आया हसतात, काही अंगावर येतात. एकदा हवालदारानं हटकलं, तेव्हा तात्यांनी त्यालाच सांगितलं, की यात साहेबांचा मुलगा कुठे आहे तो दाखवा, त्यालाही घरी सोडून येतो. हवालदारानं बिचाऱ्यानं खरंच शोधलं. साहेबांचा मुलगा परदेशात शिकतो.

तात्या माझे शेजारी. त्यांच्या शेतावर आमची इमारत उभी राहिली आणि तिच्यातच त्यांना तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्टमध्ये शिरताना अजून चप्पल काढून हातात धरतात. सोसायटीत त्यांना येडा म्हणतात. म्हणणारे कोण? सकाळी चहा पिता पिता अमक्यांना ठेचलं पाहिजे, तमक्यांना हाकललं पाहिजे, असले मेसेज पुढे ढकलणारे, आणि संध्याकाळी स्वतःच्या मुलाला न चुकता क्लासला सोडणारे. मला खरी चीड येते ती यांची.

तात्यांचा राकेश लोखंड बाजारात क्रेन चालवायचा. साधा पोरगा, जिन्यात भेटला की हातातली पिशवी घेणारा. बघता बघता साहेबांच्या मागे घोषणा देत फिरायला लागला. मग एका संध्याकाळी साहेबांनी चौकात भाषण ठोकलं, 'त्यांना' धडा शिकवायची भाषा केली आणि गाडीत बसून निघून गेले. पोरं मागे राहिली. त्यांनी एका पंक्चरवाल्याचं दुकान पेटवलं. आतला म्हातारा वाचला, पण त्याचे हात कामातून गेले. राकेश जेलमध्ये आहे, आणि केलंय त्याची शिक्षा त्याला व्हायलाच हवी. पण साहेबांचं काय? 'या मुलांशी आमचा संबंध नाही' एवढं बोलून ते मोकळे. पुढच्या फ्लेक्सवर राकेशच्या जागी दुसरं पोरगं आलं. भाषण करणाऱ्यावर साधी तक्रारसुद्धा नाही. हे मला अजून पचत नाही.

एकदा तात्यांसमोर मी साहेबांना मनसोक्त शिव्या घातल्या. त्यांनी सगळ्या ऐकून घेतल्या. मग म्हणाले, "साएबाला घरात मीच आनला."

झालं होतं असं, की राकेशच्या वाढदिवसाला तात्यांनी हौसेनं फ्लेक्स करायला टाकला. छापणाऱ्यानं सल्ला दिला, वर साहेबांचा फोटो टाका, नाहीतर पालिकेवाले काढून नेतील. सगळेच टाकतात, तात्यांनीही टाकला. साहेबांची माणसं खूश झाली, केक घेऊन घरी आली, राकेशच्या खांद्यावर हात टाकला आणि जाताना त्याला बरोबर घेऊन गेली.

"पोराचा फोटो चार दिस टिकावा, येवढंच मनात व्हतं," तात्या म्हणाले.

गेल्या महिन्यात राकेशचा वाढदिवस आला. तात्यांनी पुन्हा फ्लेक्स छापला. 'राकेश, लवकर घरी ये. शुभेच्छुक : बाप.' वर कुणाचाही फोटो नाही. सकाळी नाक्यावर लावला आणि दुपारी पालिकेची गाडी आली. शेजारी साहेबांचा फ्लेक्स होता, तोही विनापरवानाच, पण तो त्यांना दिसलाच नाही. त्यांनी राकेशचा तेवढा उतरवला. मी तावातावानं पुढे झालो, नियम विचारायला लागलो, माणसं जमली. तात्यांनी मला हाताला धरून बाजूला केलं आणि फ्लेक्स गुंडाळणाऱ्या माणसाजवळ गेले.

"न्या," म्हणाले, "पन घडी त्याच्या तोंडावर नका घालू."