अंधारातलं पान आणि जबडा नसलेला मासा

जीवशास्त्र शिकवावं तर मी! हे मी स्वतः म्हणते आणि म्हणत राहणार. माझ्या वर्गात कुणी पेंगलेलं नाही आणि माझ्या हातून कुठला प्रयोग कधी फसलेला नाही. म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळा बंद करून तिथं मोठा पडदा बसवायचं काढलं, तेव्हा मी सरळ त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"बाई, आता पानं उकळत बसायचे दिवस गेले," ते म्हणाले. "बटण दाबलं की पडद्यावर सगळं दिसतं!"

"पडद्यावर जेवणही दिसतं सर, पोट भरतं का?"

प्रकरण शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश. ते म्हणाले, एक तास मी बसून बघतो. जमलं तर प्रयोगशाळा राहील, नाही तर पडदा. म्हटलं, या! खुशाल या!

धडा मी असा बांधला की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. विषय 'जेवण कसं मिळवावं'. एकीकडे झाड, जे उजेडात स्वतःचं अन्न स्वतः बनवतं. दुसरीकडे लॅम्प्रे, म्हणजे जबडा नसलेला मासा, जो आपल्या गोल तोंडानं दुसऱ्या माशाला चिकटतो आणि आयतं रक्त पितो. आमच्याकडे बरणीत फॉर्मॅलिनमध्ये घालून ठेवलेला असा एक लॅम्प्रे आहे. प्रयोगशाळेत माझ्याइतका जुना तो एकटाच.

प्रयोगासाठी झाड आधी दोन दिवस मिट्ट अंधारात ठेवावं लागतं. पानातलं साठवलेलं पिष्ट संपायला हवं ना! पण मुख्याध्यापकांनी घाईघाईनं प्रयोगशाळेची कपाटं आधीच उचलून नेलेली. मी बधते होय? जिरेनियमची कुंडी आणि माशाची बरणी, दोन्ही घरी आणली आणि माझ्या कपड्यांच्या कपाटात कोंबली. वर सासूबाईंना बजावलं, "आई, हे कपाट उघडायचं नाही!"

"अगं पण झाड गुदमरेल की!"

"काही गुदमरत नाही. विज्ञान आहे ते."

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात मी त्यांना अख्खा धडा म्हणून दाखवला. लॅम्प्रे ऐकून त्या फारच हळहळल्या. जबडाच नाही म्हणजे काय, असं चारदा विचारलं. मला वाटलं, वा, काय शिकवते मी!

तो दिवस उजाडला. सकाळी एका पानाच्या मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावली आणि कुंडी शाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवली. पट्टीखाली उजेड नाही, म्हणजे पिष्ट नाही. आयोडीन टाकलं की पिष्ट असलेलं बाकी पान काळंनिळं होणार आणि पट्टीची जागा तशीच फिकट राहणार. डोळे मिटून करावा असा प्रयोग!

तासाला अध्यक्ष मागच्या बाकावर बसले, शेजारी मुख्याध्यापक. मी पट्टी काढली, पान पाण्यात उकळलं आणि हिरवा रंग निघायला गरम स्पिरिटमध्ये सोडलं. त्याला वेळ लागतो, म्हणून तेवढ्यात रुबाबात बरणी उंच धरली.

"बाई, त्यात पांढरं पांढरं काय तरंगतंय?" पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीनं विचारलं.

खरंच की! बरणी दह्यासारखी गढूळ झालेली. पण भर वर्गात 'माहीत नाही' म्हणेन तर मी कसली! "छान प्रश्न!" मी ठणकावून म्हटलं. "या माशांची त्वचा वयानुसार अशी सुटते. लिहून घ्या!"

पोरांनी लिहून घेतलं. अध्यक्षांनीही लिहून घेतलं!

मग पांढरं पडलेलं पान बशीत पसरलं आणि ऐटीत आयोडीन टाकलं. पान काळंनिळं झालं. सगळं झालं! पट्टीची जागासुद्धा! फिकट ठिपका म्हणून औषधाला नाही!

मुख्याध्यापक गालातल्या गालात हसत उठले. "म्हणजे उजेड नसला तरी पान अन्न बनवतं? बाई, पुस्तक चुकलं की तुम्ही?"

प्रयोगशाळा हातातून चाललेली दिसत होती. पण हार मानणारी मी नव्हे!

"पुस्तक बरोबर, मी बरोबर आणि पानही बरोबर!" मी कडाडले. "पट्टीखालचं पिष्ट जुनंच आहे, माझ्या अंधारात कुणीतरी उजेड केलाय!"

घरात माणसं तीन. त्यातल्या माझ्या नवऱ्याला कपाटात स्वतःचे मोजे सापडत नाहीत. मी तिथल्या तिथं घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, कपाट उघडलं होतंत?"

"छे गं बाई! मी कशाला उघडू?"

"आई, पान सांगतंय."

तिकडून आवाज आला, "दोन दिवस तुझी पाठ वळली की मी त्याच्याजवळ टेबललॅम्प लावून ठेवला, आणि माझीच चुगली केली मेल्यानं!"

वर्ग बाकांवर चढला! मी विजयानं मुख्याध्यापकांकडे पाहिलं. इथं फोन ठेवायला हवा होता. पण त्या पुढं म्हणाल्या, "आणि मासा जेवला का गं?"

"कोण जेवला?"

"दुधात पाव कुस्करून घातलाय त्याला. जबडा नाही ना बिचाऱ्याला! घरचं पोटभर मिळालं तर कशाला जाईल दुसऱ्याला चिकटायला? झाकण उघडलं आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. इतकी दया मला कधी कुणाची आली नव्हती!"

"आई, ती दया नव्हती, फॉर्मॅलिन होतं! मासा मेलेला आहे!"

"अगं बाई, मग सकाळी परत घातलं ते वायाच गेलं की!"

अध्यक्षांनी आपल्या वहीतलं मघाचं वाक्य शांतपणे खोडलं. मग उठून म्हणाले, "वकिलांना जे जमत नाही ते पानानं केलं. आरोपीकडून कबुली काढली! मुख्याध्यापक, हे पडद्यावर झालं असतं का? पण मुलं नुसती हसली की काही शिकली, ते बघू. चाचणी घ्या. प्रकाशसंश्लेषण सगळ्यांना आलं तर प्रयोगशाळा राहील."

मी म्हटलं, घ्या! आत्ता घ्या!

चाचणी झाली आणि प्रयोगशाळा राहिली! कपाटं मुख्याध्यापकांना स्वतः उभं राहून परत आणवावी लागली. हे सगळं माझ्या शिकवण्यामुळे, त्यात वादच नाही.

आता उत्तरांचंही सांगूनच टाकते. अन्न बनवायला झाडाला काय काय लागतं, असा प्रश्न होता. अख्ख्या वर्गानं एकमुखानं लिहिलं होतं: पाणी, कार्बन डायऑक्साइड, हरितद्रव्य आणि सूर्यप्रकाश. सूर्यप्रकाश नसल्यास, बाईंच्या सासूबाई.

लाल पेन उघडून मी त्यात चूक शोधत बसले. सापडली नाही. दिले पूर्ण गुण!