मास्तर खरे बोलू लागले

"मास्तर, गाऊन कुठवर आला?"

सोमवारी सकाळी दुकानाचे शटर पुरते वर गेलेही नव्हते, तोच शाळेच्या हेडबाई दारात हजर. टेलरमास्तरांनी गळ्यातली मोजपट्टी सारखी केली, मोठा श्वास घेतला आणि बावीस वर्षांच्या धंद्यात जे वाक्य कधी तोंडातून निघाले नव्हते ते बोलून टाकले.

"खरं सांगू का बाई? अजून हातसुद्धा लावला नाही."

हेडबाई समोरच्या स्टुलावर मटकन बसल्या.

एवढ्याशा वाक्यात मटकन बसण्यासारखे काय होते, हे कळायला मास्तरांची भाषा ठाऊक हवी. मास्तरांचा हात देखणा. त्यांची शिलाई उसवायची म्हटले तरी घाम निघे. पण तारीख विचारली की त्यांची जीभ घसरलीच म्हणून समजा. "काजं-बटणं तेवढी राहिलीत" म्हणजे कापडाला अजून कात्री लागलेली नाही. "इस्त्री चाललीय" म्हणजे कात्री लागली. "उद्या या" म्हणजे पुढच्या आठवड्यात या. गिऱ्हाइकांना हा सगळा हिशेब पाठ होता. मास्तर एक सांगत, गिऱ्हाईक मनात दुसरेच धरून घरी जाई आणि कोणाचे काही अडत नसे. घरीसुद्धा ते "आलोच" म्हणाले की बायको तासाभराने ताट वाढायला घेई.

मास्तरांना याचे कधी काही वाटले नव्हते. पण आदल्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये पाळकसाहेबांनी जिभेवर उपदेश केला. खोटे बोलू नका, इकडचे तिकडे करू नका, तुमचे 'हो' म्हणजे हो असू द्या आणि 'नाही' म्हणजे नाही. मग थोडे थांबून ते म्हणाले, "तुमच्या शब्दावर, आहे तसा, विश्वास ठेवणारा एक तरी माणूस आहे का? घरी जाऊन आठवून पाहा." मास्तरांनी घरी जाऊन आठवून पाहिले. जेवणे झाली, दुपार सरली, बायको तिच्या बहिणीकडे मुक्कामाला गेली, तरी एकही नाव आठवेना. आता एकदा, फक्त एकदा, आपण काही बोलावे आणि समोरच्याने ते तसेच्या तसे खरे मानावे, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनाने धरली.

आणि सोमवारी पहिलेच गिऱ्हाईक हेडबाई. शनिवारी त्यांच्या मुलीचे लग्न. त्यांनी स्वतःच्या लग्नातला गाऊन मुलीला बसावा म्हणून कमरेत थोडा सैल करायला टाकला होता. बाईंनी आयुष्यभर गणित शिकवले होते, त्यामुळे त्यांचे डोके भराभर चालू लागले. 'काजं-बटणं राहिलीत' म्हणजे जर कात्री लागलेली नाही, तर 'हात लावला नाही' म्हणजे काय? याच्या खाली तर काही उरतच नव्हते.

"जळला का?" त्यांनी हळूच विचारले.

"छे हो. जळेल कशाला?"

"मग हरवला?"

"अहो बाई, त्या लोखंडी कपाटात आहे. जसा दिलात तसा."

"दाखवा."

मास्तरांनी खिसे चाचपले, गल्ला चाचपला, मशीनचा खण उपसला. "किल्ली बायकोच्या पर्समध्ये राहिली. ती बहिणीकडे गेलीय." त्यांनी आवंढा गिळला. "उद्या येईल."

'उद्या' ऐकताच हेडबाईंनी डोळे मिटले.

"थांबा, तिलाच विचारू," म्हणत मास्तरांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "अगं, हेडबाई आल्यात. त्यांचा गाऊन..."

"अय्या, समोरच आहेत का?" पलीकडून बायकोचा दबलेला पण खणखणीत आवाज आला. "घाबरू नका. सांगा त्यांना, काजं-बटणं तेवढी राहिलीत."

त्या गाऊनला बटणे नव्हतीच. हेडबाई उठल्या आणि तडक शाळेकडे निघून गेल्या.

लाकडी फळ्यांच्या भिंतीपलीकडे घड्याळवाल्यांचे दुकान होते. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर बारीक काम करत आणि कान मात्र मास्तरांच्या दुकानात ठेवत. त्यांनीही रविवारचा उपदेश ऐकला होता आणि कोणाचे काही कोणाला सांगायचे नाही असे मनोमन ठरवले होते. त्यांनी ते पाळलेही. दिवसभरात त्यांनी कोणाला काही सांगितले नाही, फक्त विचारले.

"हेडबाईंच्या गाऊनचं काही कानावर आलं का? नाही? मग जाऊ द्या." थोड्या वेळाने दुसऱ्याला, "बाई विचारत होत्या बुवा, जळला का म्हणून. मी काही म्हणत नाही. बाईंनी विचारलं एवढं मात्र खरं." त्यात खोटे एक अक्षर नव्हते, हे मान्य करावेच लागेल. तरी दुपारपर्यंत गाऊन इस्त्रीखाली जळून खाक झाला होता, चार वाजता मास्तर तोंड लपवायला गाव सोडून जाणार होते आणि पाचला नवऱ्यामुलाकडच्यांनी लग्न मोडले होते. तिघे जण येऊन आपापले कापड परत घेऊन गेले. त्यातल्या एकाच्या पँटला खरोखरच फक्त बटण लावायचे राहिले होते. मास्तरांनी तसे सांगताच त्याने पिशवीच हिसकावून घेतली.

संध्याकाळी खुद्द पाळकसाहेब आले. मास्तरांचा चेहरा उजळला. आता निदान एक माणूस तरी आपले ऐकून घेईल असे त्यांना वाटले.

पाळकसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, मन मोकळं करा. कबूल केलं की क्षमा मिळते."

"साहेब, कबूल करायला काही घडलंच नाही. गाऊन कपाटात आहे."

"असं म्हणू नका."

"तुमचा उपदेश ऐकूनच मी खरं बोलायला लागलो हो."

पाळकसाहेबांना हसू आले, ते त्यांनी मोठ्या कष्टाने आवरले. "मास्तर, हा अंगावरचा कोट आठवतो का? काजं-बटणं राहिलीत म्हणाला होतात. पाच आठवड्यांनी मिळाला. मी राग धरला नाही. पण आज तुमच्यासाठी प्रार्थना करताना मला काय सांगायचं ते नेमकं कळायला हवं ना?"

मास्तरांना रडू कोसळायचेच राहिले होते. उपदेश करणाऱ्याचाच विश्वास नाही, तर आता दाद मागायची कोणाकडे? घरी येऊन त्यांनी सकाळचा गार झालेला चहा प्यायला आणि मंगळवारच्या पहिल्या गाडीने येणाऱ्या बायकोची वाट बघत पडून राहिले.

मंगळवारी बायको आली, किल्ली आली, कपाट उघडले. गाऊन आत होता. सुरकुती नाही, डाग नाही. मास्तरांच्या अंगात एकदम दहा हत्तींचे बळ आले. त्यांनी दारातला कपडे चढवायचा लाकडी पुतळा ओढून थेट काचेमागे उभा केला, त्याच्या अंगात गाऊन चढवला आणि वर दिवाही लावला. आता बघू द्या सगळ्यांना, कोण खरे बोलतो ते.

रस्त्याने जाणारे थबकू लागले. घड्याळवाले भिंग कपाळावर सरकवून बाहेर आले, गाऊन पुढून पाहिला, बाजूने पाहिला आणि हलकेच म्हणाले, "रातोरात हुबेहूब दुसरा शिवला की काय?"

"अहो, ज्या माणसाला कोटाला पाच आठवडे लागतात तो रातोरात गाऊन शिवेल का?" मास्तरांची बायको कडाडली. नवऱ्याची बाजू घेताना आपण काय बोलून गेलो ते तिच्या जरा उशिरा लक्षात आले.

तेवढ्यात हेडबाईंची मुलगी धापा टाकत आत शिरली. तिने आधी काचेचा पडदा ओढला, मग दार लोटले.

"काका, तो आत ठेवा. आत्ताच्या आत्ता."

"का गं पोरी? बघ तरी, कसा सुखरूप आहे."

"तेच तर." ती स्टुलावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. "काल जळला म्हणून ऐकलं आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मला तो घालायचाच नाही. दोन फुगे खांद्यावर घेऊन मी लग्नाला उभी राहू का? पण आईला कसं सांगू? सहा महिने तिला सांगतेय, फार आवडला, फार आवडला."

मास्तरांनी वळून पुतळ्याच्या खांद्यांवरच्या फुगीर बाह्यांकडे पाहिले.

"काका, तुम्ही खोटं बोलूच नका," ती काकुळतीला आली. "फक्त गप्प बसा. लोक जळला म्हणतायत ना, म्हणू द्या. बाकी सगळं आपोआप होईल."

मास्तर पेचात पडले. गप्प बसणे हे खोट्यात मोडते की नाही, याबद्दल पाळकसाहेबांनी काहीच सांगितले नव्हते. समोर रडवेली पोरगी, शनिवारी तिचे लग्न, आणि त्यांनी फक्त तोंड मिटून घेतले की झाले. पण तोंड मिटले तर गाऊन जाळणारा म्हणून नाव त्यांचेच राहणार होते, तेही जन्मभर.

"नाही गं बाळ," ते शेवटी म्हणाले. "माझ्या शब्दाची आधीच काही किंमत राहिली नाही. उरलीसुरली तरी राहू दे. आईला तूच सांग."

"कोणी काय सांगायचंय?" दार ढकलून हेडबाई आत आल्या. त्यांनी पडदा सारला, गाऊनकडे पाहिले, मग मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"आई, मला हा गाऊन नको," मुलगी एका दमात म्हणाली. "मला तो कधीच आवडला नाही. मी खोटं बोलले."

मास्तरांनी कात्री उचलून बाजूला ठेवली, उगाच. हेडबाईंनी पर्स मांडीवर घेतली, तिची चेन उघडली, पुन्हा लावली.

"तुझ्या आजीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी पसंत केला होता," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "दिवसभर काखेत टोचत होता. प्रत्येक फोटोत मी हात लांब धरून उभी आहे, बघ जाऊन. तीस वर्षं सगळ्यांना सांगतेय की माझा जीव आहे या गाऊनवर." त्यांचा आवाज फुटला आणि पाठोपाठ त्यांना हसू फुटले. मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. मास्तरांच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. मास्तरही हसत होते, रडत होते आणि दोन्ही लपवायला मशीनला तेल घालत होते.

मग हेडबाई एकदम उठल्या. अंगात वीज संचारल्यासारख्या त्या मास्तरांसमोर आल्या. "मास्तर, कापड आत्ता आणते. पांढरं, साधं, फुगे नाहीत. शनिवारी सकाळपर्यंत नवा गाऊन होईल का?"

बायकोने मास्तरांना कोपराने ढोसले. मुलगी त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. गावातले सगळ्यात चर्चेतले लग्न, नवा गाऊन, गेलेली अब्रू आणि गेलेली गिऱ्हाइके एका झटक्यात परत. 'हो, बाई, काळजीच नको' हे शब्द सवयीने त्यांच्या जिभेच्या टोकापर्यंत आले. त्यांनी मनात दिवस मोजले, तास मोजले. दोनदा मोजले.

"नाही, बाई," ते म्हणाले. "होणार नाही."

हेडबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर निरखून पाहिले. आता त्या गणित करणार, 'नाही' म्हणजे नेमके काय ते काढणार, म्हणून मास्तरांनी श्वास रोखला.

"बरं," हेडबाई म्हणाल्या. "मग तयारच घ्यावा लागेल. चल गं." आणि मुलीचा हात धरून त्या भराभर पायऱ्या उतरल्या.

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, गेली की ऑर्डर."

"गेली," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "पण तू ऐकलंस ना? दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही बाईंनी."