आवकेशिवाय जावक नाही

निरोप पाठवणं सोपं असतं. आधी कोणी पाठवायचा, हे ठरवणं अवघड. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने हा प्रश्न २००३ साली कायमचा निकालात काढला.

हवामानाचा अंदाज काढायला कॉलेजने आठ जुने कॉम्प्युटर वायरींनी जोडून क्लस्टर उभा केला होता. जिल्ह्याच्या हवेचे आठ तुकडे करून प्रत्येक मशीनला एकेक गणिताला दिला. शेजारच्या तुकड्यातला वारा आपल्याकडे कधी येतोय, हे मशिनींना एकमेकींना कळवावं लागे. त्यासाठी निरोपांची ने-आण करणारी प्रोग्रामिंग लायब्ररी होती. 'पाठव' म्हटलं की पाठवी, 'घे' म्हटलं की निरोप येईपर्यंत हूं की चूं न करता थांबे. (कॉलेजात थांबणारे पुष्कळ होते, हूं की चूं न करणारी ही पहिलीच.)

प्रोग्राम ज्योत्स्ना मॅडमचा. विभागप्रमुख सानप सरांनी तो तपासला आणि त्यांना घाम फुटला. पहिली मशीन कोणाचंही पत्र आलेलं नसताना सरळ निरोप धाडत होती! संदर्भ क्रमांकाविना सरांनी तीस वर्षांत एक कागद बाहेर जाऊ दिला नव्हता. त्यांनी दुरुस्ती केली: प्रत्येक मशीनने आधी निरोप घ्यावा, मगच पाठवावा. तेव्हापासून आठही मशिनी निरोपाची वाट पाहत शिस्तीत बसून राहिल्या. पहिल्या आठवड्याचा अहवाल उत्कृष्ट होता. हरवलेले निरोप: शून्य. चुकीच्या पत्त्यावर गेलेले: शून्य. (पाठवलेलेही शून्य, पण तो रकाना तक्त्यात नव्हता.)

मार्चमध्ये दिंडोरीहून मॅडमच्या वडिलांचा, खंडेरावांचा, फोन आला. बागेत द्राक्षं लटकलेली; गोडी भरायला दोन दिवस कमी.

"पोरी, माल तोडू का ठेवू? गडी उभे हायेत."

मशिनी बोलल्या की कळवते, असं मॅडम म्हणाल्या. मग प्रोग्राममधली एक ओळ बदलण्याच्या परवानगीसाठी त्यांनी अर्ज केला. प्राचार्यांना सरांचा अभिप्राय हवा होता आणि सरांना प्राचार्यांचा आदेश. दोघेही सज्जन, दोघेही थांबले.

त्याच दुपारी शिपाई झुंबर व्हरांड्यातून आत आला.

"मॅडम, दिंडोरीकडं लय काळं झालंय."

ही माहिती अनधिकृत होती. झुंबर क्लस्टरला जोडलेला नव्हता.

चारला गारा पडल्या. वीस मिनिटांत बागेचा चिखल झाला. खंडेरावांनी पुन्हा फोन केला नाही. परवानगी दुसऱ्या दिवशी आली, संदर्भ क्रमांकासहित.

तुम्ही म्हणाल, मॅडमनी फोन उचलून 'तोडा' म्हणायला काय हरकत होती? काहीच नाही. मीही त्याच विभागातला मास्तर, त्याच खोलीत होतो, फोन माझ्याच टेबलावर होता. आणि झुंबर बोलला तेव्हाच गारा येणार हे तुम्हालाही कळलं होतं; तरी तुम्ही पुढच्या ओळीची वाट पाहत बसलात. शिस्त म्हणतात ती हीच. आठांच्या जोडीला नववी मशीन जोडायची झाली, तर कॉलेज तुमचा विचार जरूर करील.