बिनपाटीची दोन झुडपं

"गुन्हेगार माझ्यापासून पळत नाहीत. पळून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक असतं," असं आमचे हे आल्यागेल्याला सांगतात. खरं म्हणजे आजवर एकाही गुन्हेगाराला यांचा पत्ता लागलेला नाही. "नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि मेंदू..." इथे ते नम्रपणे थांबतात. मेंदू कुणाचा, ते अजून ठरायचंय. आयुष्यभर लोकांचे विजेचे मीटर वाचले, त्यातून घरोघरी डोकावायची सवय लागली आणि निवृत्तीनंतर तिलाच गुप्तहेरगिरी म्हणायला लागले. वरची कवळी बसवल्याशिवाय मात्र तर्क करत नाहीत. कवळीविना तर्कातून शिट्टी वाजते.

माझी धाकटी नणंद वाळवंटी झुडपांच्या बागेत काम करते. आता वाळवंटात शोधूनही सापडत नाही अशा जातीचं एक झुडूप तिनं बी रुजवून वर्षानुवर्षं जपलं. कामासाठी आठवडाभर बाहेरगावी जाताना ते आमच्या अंगणात ठेवून गेली. सोबत तुलनेसाठी एक साधं, कुठल्याही रस्त्याकडेला उगवणारं. दोन्ही राखट, खुरटी, काटेरी, झोपेतून उठून तशीच बाहेर आल्यासारखी.

"फूल येईपर्यंत मलाही फरक कळत नाही, वहिनी. म्हणून पाट्या लावल्यात. पाणी बेतानं घाला. आणि शेजारची शेळी लांब ठेवा. साध्याला ती तोंड लावत नाही, पण या जातीचा वंश बुडाला तो शेळ्यांपायीच."

"निर्धास्त जा," मी म्हटलं. शब्दच दिला म्हणा ना.

ती परतायची त्या दिवशी सकाळी आठवड्याचं एकुलतं एक पाणी घालायला गेले, तर एकाही कुंडीला पाटी नाही.

"अहो, पाट्या कुठायत?"

"काढल्या. मौल्यवान कोणतं ते चोराला कळायला नको."

"बरं, मग मौल्यवान कोणतं?"

"अगं, चोराला चकवा म्हणून मी रोज कुंड्यांच्या जागाही बदलत होतो."

"मग?"

"चकवा फारच उत्तम बसला."

यांनी शांतपणे कवळी बसवली.

पहिला तर्क : खानदानी झुडूप ताठ उभं राहतं, तेव्हा डावंच. इतक्यात वारा आला आणि डावं पार वाकून बसलं. मग म्हणे, दुर्मीळ आहे म्हणजे लाजाळू असणार. हे पाठ फिरवून उभे राहिले आणि गर्रकन वळून ओरडले, "ओळखलं!" जे दचकेल ते खरं. झुडपं दचकली नाहीत. शेजारच्या काकू दचकल्या, त्यांच्या हातातली बादली सांडली. शेवटी दोन्हींचं एकेक पान चघळलं. दोन्ही खारट! यांच्याच बोटांना खाऱ्या दाण्यांचं मीठ होतं, हे मी सांगितलं तर "साक्षीदाराने मध्ये बोलू नये."

"निष्कर्ष," हे म्हणाले, "दोन्ही साधीच आहेत. खरं केव्हाच चोरीला गेलं."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "तुमच्या बहिणीनं पोटच्या पोरासारखं वाढवलंय ते! उद्या सकाळी बागेतल्या सगळ्यांदेखत वाळूत लावायचंय तिला. भलतंच लावलं तर खरं झुडूप ती आपल्याच हाताने कचऱ्यात टाकेल. कळतंय का काही?"

यांचा चेहरा एवढासा झाला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेळी ओरडली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकूंकडून तिला आखूड दोरीनं धरून आणली.

"अगं, ती तर संशयित आहे!"

"संशयित नाही, पंच आहे. बाजूला व्हा."

शेळीनं डाव्या कुंडीचा वास घेतला आणि नाक मुरडलं. उजवी दिसताच अशी उसळी घेतली की मी फरपटत गेले. जीव खाऊन ओढलं तिला, तरी एक शेंडा गेलाच तोंडात.

"मी म्हणतच होतो, उजवं!" हे ओरडले. म्हणत होते डावं.

पाट्या लावल्या, शेळी परत पोहोचवली. संध्याकाळी नणंद आली ती पिशवीही खाली न ठेवता कुंडीवर वाकली.

"शेंडा कुणी खाल्ला?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात हे पुढे झाले. "मी. तपासासाठी चव घेतली."

"दादा, कड बघ ना. दातांनी तोडलेली नाही, ओरबाडलेली आहे. शेळीला वरचे पुढचे दात नसतात, म्हणून अशी होते. मला शिकवतोस?"

जन्मात कधी चूक कबूल न केलेला हा माणूस. माझ्याकडे एकदा बघितलं, पाठ फिरवली आणि वळले तेव्हा कवळी तळहातावर होती.

"माफेही नाफीत," हे म्हणाले.

नणंदेनं कवळीकडे पाहिलं, शेंड्याकडे पाहिलं, माझ्या हातावरच्या दोरीच्या वळांकडे पाहिलं आणि हसता हसता मटकन खालीच बसली. डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, आता या दोघांतला फरक कसा ओळखायचा?"

"सोपं आहे," मी म्हटलं. "शेळी माझ्यासाठी खोटं बोलली नसती."

यांना ते ऐकू गेलं नाही. ते कवळी धुवायला गेले होते.