उसातली मुनिया आणि चूप घर

देवरावांच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला उसाचा एक दाट झुबका होता. त्यात हिरव्या मुनियेच्या जोडीनं घरटं केलं आणि सगळ्यांत जास्त धास्ती घेतली ती सुनेनं, साधनानं. पिंजऱ्यांसाठी पकडून पकडून हा गाणारा पक्षी संपत आलेला. पक्षिमित्र संघदीप बजावून गेला होता, "ताई, रविवारपर्यंत गडबड नको. आईबाप बिचकले तर पिल्लं टाकून जातात. रविवारी वनखात्याच्या साहेबांना घेऊन येतो."

'पिल्लं टाकून जातात' हे आठ महिन्यांच्या अश्वजितला मांडीवर घेऊन ऐकायचं वाक्य नव्हे. साधनानं त्याच दिवशी कुकर माळ्यावर टाकला, मिक्सरची वायर लपवली, अश्वजितचा खुळखुळा काढून घेतला. सासूबाईंचं, रुखमाबाईंचं, अंगणात बोलणं बंद. उरला सासऱ्यांचा खोकला.

"बाबा, तुमी आठ दिवस पुसदले ताईकडं जा न."

"पाखरासाठी मले घराबाहेर काढून राह्यली काय वं?"

"तुमी खोकलले का गोठ्यातली म्हैस उठून उभी राह्यते, बाबा."

हे खोटं नव्हतं. देवराव खोकतच पुसदच्या जीपमध्ये बसले, ते सगळ्या गल्लीनं पाहिलं.

दोन दिवसांनी शेजारच्या मैनाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "कुकरची शिट्टी नाई, देवरावभाऊ दिसत नाई. कुठी हायेत वं?"

रुखमाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, डोळे मोठे केले आणि आत पळाल्या.

"पुसदच्या दवाखान्यातच झालं असन," मैनाबाईंनी गल्लीत सांगितलं. "बिचारीले बोलता बी येऊन नाई राह्यलं."

माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी नेतात. रविवारी सकाळी पंचवीस माणसं पिठलं-भाकरी घेऊन अंगणात उभी राहिली. मैनाबाईंनी हंबरडा फोडायला श्वास घेतला, तोच साधनानं धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"मावशी, आवाज नका करू! तरास होईल!"

"आता भाऊले कायचा तरास, बाई?" मैनाबाई बोटांच्या फटीतून म्हणाल्या.

साधनानं कानात सगळं सांगितलं. कोणी गेलेलं नाही, उसात मुनिया आहे, पिल्लं आजच उडतील बहुतेक. कानातून कानात बातमी रांगेच्या टोकापर्यंत गेली. पण परत निघालं कोणीच नाही. एवढ्या भाकरी परत कोण नेणार? आणि पाखरू बघितल्याशिवाय जायचं कसं?

पंचवीस माणसं श्वास धरून बसली. उसातून बारीक शीळ आली. एक पिल्लू घरट्याच्या काठावर आलं आणि भुर्रकन कपड्यांच्या दोरीवर जाऊन बसलं. मग दुसरं, तिसरं. चौथं काही निघेना. साधनानं अश्वजितला इतकं घट्ट धरलं की तो कुरकुरला. शेवटी तेही उडालं, आणि मैनाबाईंनी खरोखरच डोळ्यांना पदर लावला.

संघदीप साहेबांना घेऊन फाटकातच थांबला होता. मागे पिशवी घेतलेले देवराव; नातवाच्या ओढीनं ते आधीच परतले होते आणि स्वतःची बातमी त्यांना फाट्यावरच कळली होती.

"एवढी माणसं आणि एवढी शांतता!" साहेब कुजबुजले. "असा लोकसहभाग मी कुठंच पाहिला नाही. कसं काय जमवलं?"

"सोपं हाय, साहेब," देवराव तितक्याच हळू म्हणाले. "मले मरा लागलं."