बारा बाथरूमचं घर

भूकंपानंतर आठव्या दिवशी आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा परदेशातला धाकटा एका शाळेच्या व्यायामशाळेत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, बायको आणि सात वर्षांच्या मुलीसह मांडी घालून बसला होता. त्यांची राहती इमारत कलली होती आणि नगरपालिकेने दारावर लाल कागद चिकटवून सगळ्यांना बाहेर काढलं होतं.

आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बीपीच्या माणसाला असलं काही सांगायचं नसतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे आई राहायची मायदेशी, थोरल्याकडे. आणि थोरल्याला कळलं असतं तर "तरी मी सांगत होतो, जाऊ नकोस" हे वाक्य त्याने पुढची वीस वर्षं वापरलं असतं. म्हणून भूकंपात फक्त एक कपबशी फुटली, असं धाकट्याने जाहीर केलं होतं.

"अरे, तुझ्या मागे छत केवढं उंच दिसतंय!" आई म्हणाली.

"आम्ही जरा मोठ्या जागेत आलोय, आई."

"आणि ही कोण बाई बोलतेय?" लाउडस्पीकरवरून जेवणाच्या रांगेची घोषणा चालू होती.

"इथे जेवण तयार झालं की सगळ्यांना कळवतात."

"म्हणजे सूनबाईला स्वयंपाक नाही?"

"अजिबात नाही."

सूनबाई शेजारी दातओठ खात बसली होती. तेवढ्यात मुलीने फोन ओढला. "आजी, आमच्याकडे बारा बाथरूम आहेत!" ती पुढे "पण पटांगणात" म्हणणार होती, पण सूनबाईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"एक अक्षर खोटं बोलला नाहीस, शाब्बास," फोन बंद झाल्यावर बायको म्हणाली. "उद्या पोहायचा तलाव दाखव."

"आईला बरं वाटलं ना? मग झालं तर."

तिला बरं वाटलंच. इतकं, की तिने ते थोरल्याला सांगितलं. थोरल्याचा फोन वर्षातून एकदा यायचा, तोही वहिनीने आठवण करून दिली तर. या वेळी तो दुसऱ्याच दिवशी आला.

"काय साहेब, बारा बाथरूम? आम्ही इथे पाच माणसं एका बाथरूमसाठी रांग लावतो."

"दादा, ऐक ना..."

"तू ऐक. सहा वर्षं आईचं मी केलं. आता तुझी पाळी. नातीच्या जन्माच्या वेळी काढलेला आईचा व्हिसा अजून चालतोय, तिकीट काढलंय. रविवारी येतेय ती."

"अरे, पण इथे भूकंप झालाय!"

"कपबशी फुटली. तूच म्हणालास."

मग मात्र धाकट्याने सगळं ओकून टाकलं. लाल कागद, पुठ्ठे, रांग, काही म्हणून लपवून ठेवलं नाही. थोरला शांतपणे ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "आईला टाळण्यासाठी माणूस किती खाली उतरतो रे!"

धाकट्याने कललेल्या इमारतीचा फोटो पाठवला. "इंटरनेटवर असले शंभर मिळतात," असं उत्तर आलं. खोटं आठ दिवस बिनबोभाट खपलं आणि खऱ्याला पहिल्याच दिवशी पुरावा द्यावा लागला, याचा धाकट्याला भयंकर संताप आला. आईला सगळं सांगावं म्हणून त्याने फोन लावला. "तिचं बीपी वाढवू नकोस," असं सांगून वहिनीने तो दिलाच नाही.

रविवारी आई आली. दोन मोठ्या बॅगा, एक पिशवी, आणि तिकीट फक्त यायचं. "परतीचं थोरला बघणार आहे सावकाश," ती म्हणाली. बसमध्ये धाकट्याने मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. आई खिडकीबाहेर तडे गेलेल्या भिंती बघत होती. ती रागावली नाही, हे त्याला जास्त लागलं.

व्यायामशाळेत नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी आईचं वय लिहून घेतलं, टेप काढून भिंतीलगत जागा मोजली, चहूबाजूंनी पुठ्ठे उभे केले, आत एक खाट ठेवली आणि पुठ्ठ्यावर आईचं नाव चिकटवलं.

"इथे आणखी कोण?" आईने विचारलं.

"कोणी नाही, आई. तुम्हीच," सूनबाई म्हणाली.

आई खाटेवर बसली. हाताने पुठ्ठा चाचपला. "इथे टीव्ही बघायला कोणी येणार नाही ना? तिकडे माझं अंथरूण हॉलमध्ये. सगळ्यांचं बघून होईपर्यंत मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचे."

सहा वर्षांत आई कुठे झोपते हे धाकट्याने एकदाही विचारलं नव्हतं.

महिनाभरात आई तिथे रुळली. पुठ्ठ्यावर टकटक केल्याशिवाय ती नातीलासुद्धा आत घेत नसे. शेजारच्या आडोशातल्या आजीबाईंशी एकही शब्द न कळता तिच्या तासन्‌तास गप्पा चालत. बीपी मोजायला येणारी नर्स अंगठा वर करून जायची.

आणि एका दुपारी नगरपालिकेचं पत्र आलं. धाकट्याला घर मिळालं होतं. पक्क्या भिंती, आत स्वतःचं बाथरूम, दोन खोल्या आणि एक हॉल. मुलगी नाचायला लागली. बायको इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणाने हसली आणि मग रडली.

"आई, घर मिळालं!" धाकटा पुठ्ठ्यावर टकटक करायचं विसरून थेट आत घुसला. "एक खोली आमची, एक तुझ्या नातीच्या अभ्यासाला..."

तो मध्येच थांबला. पण तोपर्यंत आईने खाटेवरची चादर काढून तिची घडी घालायला घेतली होती.

"छान झालं रे," ती म्हणाली. "टीव्ही किती वाजेपर्यंत बघता तुम्ही?"