बघूचे बटण

माणसाला काय हवे आहे हे त्याला स्वतःला कधीच कळत नसते. म्हणून ते त्याला न विचारता, कोपऱ्यात बसून टिपून घ्यावे लागते. हे शास्त्र आमच्या रुग्णालयात आले आणि आम्ही धन्य झालो.

डॉक्टर मॅडमच्या कामाला साजेसे यंत्र बनवायचे म्हणून निरीक्षकसाहेब तीन महिने वॉर्डातल्या स्टुलावर बसले. नियम एकच: बघायचे, विचारायचे नाही. (साहेबांना चहा विचारलेला मात्र चालत असे.) निष्कर्ष थक्क करणारा निघाला. मॅडम दिवसाला सरासरी एकसष्ट वेळा "बघू" म्हणत होत्या.

आता खांद्यावर हात ठेवून म्हटलेले बघू म्हणजे उद्या घरी, घड्याळाकडे पाहत म्हटलेले म्हणजे विसरा, आणि छताकडे पाहत म्हटलेले म्हणजे देवालाच ठाऊक. हे सिस्टरना तोंडपाठ होते. पण सिस्टरना विचारणे नियमात बसत नव्हते.

यथावकाश पाटीएवढे यंत्र आले. त्यावर हिरवे बटण: बघू. दर रुग्णामागे चार सेकंदांची बचत!

सात नंबरच्या खाटेवरचे काका ठणठणीत बरे झाले होते. "मॅडम, घरी कधी?" त्यांनी सोमवारी विचारले. मॅडमनी मान खाली घालूनच बटण दाबले. पडद्यावर बघू उमटले. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. काकूंनी तीनदा पिशवी भरली, तीनदा रिकामी केली आणि तिसऱ्यांदा खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. (साहेबांची नोंद: वापर उत्साहवर्धक.)

गुरुवारी सिस्टरनी यंत्र सरळ काखेत मारले. "मॅडम, आता यांच्याकडे बघून सांगा."

मॅडमनी चार दिवसांत प्रथमच काकांचे तोंड पाहिले. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "बघू."

"काकू, भरा पिशवी," सिस्टर म्हणाल्या. "आणि चपला वरच राहू द्या, उद्या लागतील." काका लहान पोरासारखे हसले.

साहेबांनी तत्परतेने लिहिले: पुढील यंत्रास हात बसवावा.

तुम्ही हसताय. पण सोमवारपासून साहेबांचे स्टूल तुमच्या कचेरीत लागणार आहे. "आधी आम्हाला विचारा," असे त्यांना ठणकावून सांगाल ना?

काय म्हणालात? बघू?

मग घड्याळाकडे कशाला पाहताय?